कचऱ्यावरचे बारा दिवे

पिंपरी, २ सप्टेंबर १९५७, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं अंगावर घेणाऱ्या माणसाने रोजनिशी ठेवावी, पुढे लोकांच्या उपयोगी पडते. वही कंपनीच्या स्टोअरमधली आहे, पण काम कंपनीचंच, तेव्हा चालतं.

मी, रंगराव, पंपांच्या कंपनीच्या कॉलनीचा आरोग्य निरीक्षक. तात्पुरता. हा 'तात्पुरता' गेली दोन वर्षं माझ्या मानगुटीवर बसला आहे. तात्पुरत्याला क्वार्टर मिळत नाही, म्हणून मी तीन फिटरांबरोबर एका खोलीत राहतो आणि माझी बायको मंजुळा तिकडे गावी, भूमला, माझ्या थोरल्या भावाकडे. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातलं वर्षभरसुद्धा एका छपराखाली गेलं नसेल. तिला दमा आहे. वहिनीच्या चुलीच्या धुराने तो वाढलाय, असं ती शेजारच्या मास्तरांकडून पत्रात लिहवून घेते. तिला त्या धुरातून सोडवून इथे आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात आहे.

आणि आज मार्ग सापडला. मॅनेजरसाहेबांनी माझी योजना मान्य केली. कॉलनीचा कचरा भट्टीत जाळायचा, त्यावर बॉयलर, वाफेवर भंगारातलं जुनं इंजिन, इंजिनावर डायनॅमो आणि त्यावर कॉलनीच्या रस्त्याला बारा दिवे. घाण गेली, उजेड आला. सव्वीस जानेवारीला मुंबईहून कमिटी येणार आहे. त्या दिवशी कचऱ्यावर बारा दिवे लागले तर मी कायम, आणि क्वार्टर माझं.

१४ सप्टेंबर

भट्टी उभी राहिली. चिमणी तीस फूट ठरली होती, पण विटा संपल्या म्हणून सोळा फुटांवर थांबवली. गवंडी कुरकुरत होता. मी म्हटलं, धूर मुळात हलका असतो, उरलेलं अंतर त्याचं तो जाईल. साहेब हसले. शास्त्र ठाऊक असलं की कामं अडत नाहीत.

आगवाला म्हणून चिमाजी मिळाला. नदीपलीकडच्या रहाटणीचा, शेतकऱ्याचा मुलगा, आधी कंपनीच्या मोठ्या बॉयलरवर होता. चाळिशीचा असेल. फार बोलत नाही, आणि बोलतो ते माझ्या योजनेला धरून नसतं.

१७ सप्टेंबर

आज पहिला विस्तव घालायचा होता. घातला नाही, कारण कचराच नाही.

ऐंशी घरांची कॉलनी, पण दोन गाड्या फिरून संध्याकाळी आल्या तर तळाला दीड टोपली माल. मी स्वतः दारोदार गेलो. या बायका कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून आलेल्या, पण वळण सगळ्यांचं एकच, काही म्हणून टाकायचं नाही. भाजीची देठं आणि सालं सारजाबाईच्या म्हशींना. ही चिमाजीची चुलती, सकाळी कॉलनीत दूध घालते, सालांची पाटी भरून नेते आणि त्या घरी मापावर चार थेंब जास्त ओतते. चिंध्यांच्या वाकळा. वर्तमानपत्र वाण्याच्या पुड्यांना. डबे दळणाला, फुटका डबा तुळशीला. चुलीतली राख भांड्यांना. हेडक्लार्कच्या कुसुमताईंना विचारलं, तुमच्याकडून फेकण्यासारखं काय निघेल? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "यांच्या कविता आहेत."

कपाळाला हात लावला. एवढ्या मागासलेल्या कॉलनीत आरोग्याचं काम करायचं म्हणजे नाकी नऊ येतात.

२० सप्टेंबर

दीड टोपली पेटवली. ओली होती, चुरचुरली आणि विझली. चिमाजी म्हणाला, एक घमेलं कोळसा टाकू का, पेटवणापुरता? टाक म्हटलं. पेटवण म्हणजे काही इंधन नव्हे. भट्टी तासभर छान तापली. सोळा फुटांपर्यंत धूर सरळ गेला, नंतर मात्र खाली उतरून कॉलनीत फिरला. हवेचा दाब असावा.

३ ऑक्टोबर

युक्ती सुचली. महिन्यात सर्वांत जास्त कचरा देणाऱ्या घराला बक्षीस, पितळी कळशी. मारुतीच्या देवळात दवंडीसारखं ओरडून सांगितलं.

११ ऑक्टोबर

काय सांगावं. गाड्या भरून वाहतात. कुसुमताईंनी वडाखालचा सगळा पाला झाडून आणला, समोरच्या घराने हट्टाने त्याच्या दुप्पट. कुणाच्या तरी भावाने देहूरोडहून पोतंभर भुसा आणून दिला. एका बाईने चांगली केरसुणी टाकलेली पाहिली, म्हटलं ही तर नवी आहे, तर म्हणाली, शेजारणीच्या दोन होत्या. कॉलनीचा कचरा आठ दिवसांत अकरा पट वाढला. साहेबांना लिहून कळवलं, योजनेचं यश डोळ्यांना दिसतं.

पेटवणाला तीन घमेली.

२२ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पाला संपला. आता झाडांनाच नाही. तेव्हा नदीपलीकडे नजर टाकली. रहाटणीत दर घरामागे उकिरडा आहे, डोंगराएवढा, आणि गावाला त्याची लाजही नाही. माझ्या मनात आलं, हे सगळं भट्टीत गेलं तर गाव आरशासारखं होईल. कंपनीचं पत्र घेऊन आणि बैलगाडी घेऊन संध्याकाळी गेलो, पहिलं घर सारजाबाईचं.

म्हातारी मागच्या बाजूला होती. उकिरड्याच्या माथ्यावर पणती ठेवत होती. मी भूमचा, आमच्याकडेही आई लक्ष्मीपूजनाला उकिरड्यावर दिवा ठेवायची, ते तेव्हा आठवलं. पण ते मी सॅनिटरीचा कोर्स करायच्या आधीचं. पत्र वाचून दाखवलं, ही घाण आम्ही फुकट उचलून नेतो म्हणून सांगितलं.

ती रागावली नाही. म्हणाली, "लेकरा, ही घाण न्हाई. ह्ये माज्या रानाचं वरीसभराचं जेवान हाय. दिवा लावलाय, हात जोड आन् फराळ करून जा."

करंज्या चांगल्या होत्या. गाडी रिकामीच परत आणली. अज्ञान किती खोल रुजलेलं असतं ते आज समजलं.

९ नोव्हेंबर

बारा दिवे लागले. सात ते साडेआठ. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि वर पाहिलं, आणि मला भरून आलं. चिमाजीला मिठी मारली. त्याचे हात कोळशाने काळे होते. पेटवणाला अकरा घमेली लागली, पण पहिल्या वेळी जास्त लागणारच.

१८ नोव्हेंबर

योजनेचे आरोग्यावर परिणाम नोंदवून ठेवतो. माश्या कमी झाल्या. संध्याकाळी बायका दारात बसून कुचाळक्या करायच्या तेही बंद झालं, सगळ्या घरात आणि दारं-खिडक्या लावून. मुलं खोकतात, म्हणजे छातीतली जुनी घाण सुटते आहे. कुसुमताईंनी वाळत घातलेली धोतरं आणून दाखवली, काळे ठिपके होते. म्हटलं, ताई, ही घाण एरवी कुठेतरी पडून राहिली असती, आता निदान दिसते तरी. त्या धोतरं घेऊन परत धुवायला गेल्या.

आणि आनंदाची गोष्ट. भट्टीलगतचं क्वार्टर रिकामं झालं. स्टोअरकीपर बबनराव तिथे राहायचे, ते कुटुंबाला घेऊन चिंचवडला भाड्याने गेले. फुकटचं घर सोडून भाड्याने. काही माणसांना सुख बोचतं. ते क्वार्टर आणखी तिघांना देऊ केलं, तिघेही नको म्हणाले. साहेब म्हणाले, रंगराव, कमिटी येईपर्यंत तुम्हीच राहा, भट्टीवर लक्षही राहील. पुढचं पुढे.

मी तिथल्या तिथे भूमला पत्र टाकलं.

८ डिसेंबर

मंजुळा आली. भूमहून बार्शी, कुर्डुवाडी, पुणे आणि मग एसटी. स्टँडवर उतरली तेव्हा हातात ट्रंक, काखेत वाकळ. मी ट्रंक घेतली आणि रस्त्यातले दिवे एकेक करून मोजून दाखवले. तिने मान वर करून सगळे पाहिले. मग विचारलं, "आन् हे कशावर लागतेत?" मी म्हटलं, कचऱ्यावर. माझ्या कचऱ्यावर. ती हसली. सहा वर्षांत मला इतकं बरं वाटलेलं नाही.

१३ डिसेंबर

घराला चुना दिला होता, आठवड्यात करडा झाला. चुना हलका निघाला असणार. मंजुळेने खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या आहेत. मी सांगितलं, मोकळी हवा दम्याला चांगली. ती हो म्हणाली आणि चिंध्या तशाच ठेवल्या.

२१ डिसेंबर

तिला बसून झोपावं लागतं. पाणी बदललंय, बसेल हळूहळू. एक विलक्षण आहे, भट्टी पेटायच्या आधीच तिला कळतं. चिमाजी नुसता झडप उघडतो आणि ही पदर नाकाला लावून उठते. कंपनीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, जागा बदला. मी म्हटलं, बदलूनच तर आणलीय. तिकडे चुलीचा धूर होता, तो घरगुती धूर. इथला यंत्राचा आहे, शास्त्रीय. डॉक्टरांनी 'जागा बदला' हेच परत चिठ्ठीवर लिहून दिलं. अगदी तरुण आहेत, अनुभव नाही.

५ जानेवारी १९५८

मंजुळेची आणि सारजाबाईची गट्टी जमली आहे. आमच्याच घरची सालं आता म्हशीला जातात. मी बोललो, निरीक्षकाच्या घरचा कचरा भट्टीत नाही म्हणजे लोक काय म्हणतील? मंजुळा म्हणाली, "तुमी काय जाळायलाव ते तरी बघितलंव का कधी जवळ जाऊन?" मला राग आला. भट्टी माझी, आणि मी बघितली नाही म्हणजे काय? पण खरं सांगायचं तर पेटल्यावर तिथे उभं राहवत नाही, डोळे झोंबतात. मी नोंदी लांबून ठेवतो.

दुपारी तिचा श्वास लागला होता. पाठ चोळत बसलो. बरगड्या हाताला लागतात. मला भीती वाटली, ती इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे सांगणार?

१५ जानेवारी

तिला परत पाठवावं का, असा विचार दिवसभर होता. पण परत कुठे? चुलीपुढेच ना? आणि अकरा दिवसांचा प्रश्न आहे. एकदा कायम झालो की दुसरं क्वार्टर मागता येईल, त्या टोकाचं. तिला म्हटलं, अकरा दिवस कळ काढ. ती म्हणाली, काढते.

२७ जानेवारी

कालचं आज लिहितो.

झेंडावंदन झालं, कमिटी दिवसभर कारखाना पाहत होती, संध्याकाळी भट्टीवर आली. सगळी कॉलनी जमलेली. साहेबांनी मला सांगून ठेवलं होतं की धूर भरपूर दिसला पाहिजे, नाहीतर लोकांना कचरा जळतोय असं वाटत नाही. मी चिमाजीला सांगितलं, ओला माल घाल, राखून ठेवू नकोस. सात वाजता बारा दिवे लागले. टाळ्या. कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, घाणीतून प्रकाश, हाच नवा देश. मी उत्तरादाखल चार शब्द बोललो, नंतर आणखी वीस. स्वच्छ हवेवर बोलत होतो. मधेच ध्यानात आलं की चिमाजी भट्टीवर नाही.

भाषण संपवून घरी आलो. दार सताड उघडं, आत धूर, मंजुळा नाही. शेजारची बाई म्हणाली, तुमच्या चिमाजीने त्यांना पाठुंगळीला मारून नेलं, नदीकडे.

हार गळ्यात तसाच ठेवून पळालो. नदीला गुडघाभर पाणी होतं, त्यातून गेलो. सारजाबाईच्या घरामागे बाजेवर मंजुळा बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. ओठ निळे पडले होते, आता परत येत होते. मी समोर बसलो. मला बघून तिने हाताने खूण केली, बरी आहे. मी रडलो. लपवण्यात अर्थ नाही, रडलो.

चिमाजीला म्हटलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुमी हारात व्हता." मग म्हणाला, "साहेब, आता बोलतोच. कचरा कंदीच जळत नव्हता. दिवं कोळशावर लागत व्हते. कचऱ्याचा निस्ता धूर व्हता."

मी म्हटलं, पण पेटवण...

"चाळीस घमेल्यांचं पेटवण असतंया व्हय?"

३ फेब्रुवारी

कायम झाल्याचं पत्र आलं. ज्याची अडीच वर्षं वाट पाहिली ते हातात घेतलं तर त्यात दोन अटी. कचरा-वीज भट्टी मी कायम चालवायची. आणि भट्टीप्रमुखाने भट्टीलगतच्याच क्वार्टरमध्ये राहायचं. चार दिवसांत सही करून द्या.

साहेबांकडे गेलो. मनाचा हिय्या करून खरं ते सांगितलं, की दिवे कोळशावर लागतात. मला वाटलं भट्टी बंद होईल, निदान ओरडा तरी बसेल. साहेबांनी पाइप खाली ठेवला आणि म्हणाले, "रंगराव, कोळसा बॉयलरखात्याचा आहे. तुमच्या खात्यात फक्त कचरा. तुमचं खातं स्वच्छ आहे. कमिटीने तीन ठिकाणी अशा भट्ट्या मंजूर केल्यात. सही करा आणि निवांत राहा."

दुसरं क्वार्टर मागितलं. नियमात नाही म्हणाले.

५ फेब्रुवारी

मंजुळा अजून सारजाबाईकडेच आहे. दहा दिवसांत एकदाही बसून झोपली नाही. तिला अटी सांगितल्या. ती मला सही करू नका म्हणाली नाही. म्हणाली, "तुमी करा सही. मी जाते भूमला. तुमचं नाव झालंय." हे ती खरोखर मनापासून म्हणाली, म्हणून मला जास्त लागलं. तिला आणण्यासाठी दिवे लावले आणि आता दिव्यांसाठी तिला पाठवायचं. वा रे माझी योजना.

मंजुळा समोर शेण थापायला बसली होती, आणि सारजाबाई तिला नीट येत नाही म्हणून चिडवत होती.

७ फेब्रुवारी

सही केली नाही. पत्र परत दिलं. तात्पुरताच राहतो म्हणालो, झाडूखात्यावर. साहेबांना खरंच वाईट वाटलं. बबनरावांना बोलावून घेतलं, त्यांनी उभ्याउभ्या सही केली. क्वार्टरला मात्र ते कुलूप लावून ठेवणार आहेत आणि चिंचवडहूनच येणार आहेत. हे मला सुचलं नाही. सही करताना खोटं बोलता येतं हे कोर्समध्ये शिकवलेलं नव्हतं.

चिमाजीही मोठ्या बॉयलरवर परत गेला. म्हणाला, तिथं कोळशाला कोळसा म्हणत्यात.

१६ फेब्रुवारी, रहाटणी

सारजाबाईच्या पडवीतली खोली घेतली. खिडकी उघडली की समोर उकिरडा. आरोग्य निरीक्षकाच्या घरापुढे उकिरडा, कुणी पाहिलं तर हसेल. वास येतो, नाही असं नाही. पण त्याला सवय होते, तिसऱ्या दिवशी कळेनासा झाला. तत्त्वतः माझी योजना बरोबरच होती हे माझं मत कायम आहे. चिमणी तीस फूट असती आणि कचरा सुका असता आणि कोळसा नसता, तर. मंजुळेला हे समजावून सांगत होतो, ती ऐकता ऐकता झोपी गेली. आडवी.

२३ फेब्रुवारी

आज साहेबांचा निरोप. नव्या तीन भट्ट्यांसाठी एक टिपण हवंय, 'कचरा जाळून वीज निर्माण करण्याचे आरोग्यविषयक फायदे'. बबनरावांना असलं लिहिता येत नाही, म्हणून मीच लिहावं. नीट लिहिलं तर झाडूखात्यातलं नाव पक्कं करू, असंही सांगून पाठवलं.

दुपारभर पडवीत बसलो. मंजुळा समोर जोंधळे पाखडत होती. नदीपलीकडे चिमणीचा धूर दिसत होता, सोळा फूट वर आणि मग खाली. मला फायदे लिहायची सवय आहे, झरझर दोन पानं झाली. घाण नाहीशी होते, उजेड मिळतो, माश्या जातात. शब्दशः खोटं असं एकही वाक्य नव्हतं, आणि तेच मला टोचू लागलं. शेवटी सहीपाशी आलो. मग सहीच्या वर एक ओळ घातली आणि सही केली.

"फायदे वरीलप्रमाणे. लेखक सहकुटुंब नदीच्या दुसऱ्या बाजूला राहतो."

मंजुळेला वाचून दाखवलं. तिने सूप खाली ठेवलं आणि हसायला लागली. एवढी हसली की सारजाबाई आतून बाहेर आली. मी पाठ चोळायला म्हणून उठलो, हात तिच्या पाठीवर ठेवला. ती हसतच होती. हसून संपलं, तिने डोळे पुसले आणि परत पाखडायला घेतलं, आणि माझा हात तसाच पाठीवर राहिला, खोकला यायची वाट पाहत.